एजिदिओ मेस्त्रीचं कपाट

एजिदिओ झॉर्झिनकडे पाणसळ नव्हती. चव्वेचाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाकडे पाणसळ नाही, हे मोन्फाल्कोनेच्या जहाजगोदीबाहेर कुणाला सांगितलं तर तो हसेल. रंधे होते, नऊ तऱ्हेच्या पटाश्या होत्या, काटकोन तपासायचा आजोबांच्या वेळचा गुण्या होता. पण काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी त्याने कधी विकत घेतली नाही की कुणाकडे मागितली नाही. कारण एजिदिओने आयुष्यभर काम केलं ते जहाजांच्या आत. गोदीला बांधलेलं जहाज पाण्यावर तरंगत असतं. आज टाक्यांत पाणी भरलं की इकडे कलतं, उद्या एखादं अवजड यंत्र चढवलं की तिकडे. तिथे पाणसळ लावून दार बसवणारा सुतार सकाळी केलेलं काम संध्याकाळी उखडत बसेल. म्हणून जहाजावरचा सुतार एकच गोष्ट खरी मानतो, पायाखालची जमीन. गुण्या जमिनीवर टेकवायचा आणि तिथून वर चढायचं. भिंत जुळत नसेल तर चूक भिंतीची.

हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीही सुटत नसे. जेवणाच्या टेबलाला चारही बाजूंनी बोटभर उंच कड होती, ताटल्या घसरू नयेत म्हणून. पाहुण्यांची मनगटं त्या कडेवर घासली जात. त्याने केलेला खण नुसता ओढून उघडत नसे; आधी जरा उचलायचा, मग ओढायचा, नाहीतर समुद्र खवळला की सगळे खण एकदम बाहेर येतील! समुद्र घरापासून चांगला अर्ध्या तासाच्या चालीवर होता आणि घर दगडी होतं. त्याची बायको एर्मिनिआ लग्नानंतर वर्षभर चमच्यांच्या खणाशी झगडली आणि शेवटी तिने हात टेकले. "मी माणसाशी नाही, बोटीशी लग्न केलंय," असं ती शेजारणींना सांगे.

चौदाव्या वर्षी तो गोदीत शिकायला लागला. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, सगळं कुटुंब निर्वासितांच्या छावणीत गेलं, परत आले तेव्हा घराला छप्पर नव्हतं. एजिदिओने आधी गोदीतलं काम धरलं आणि छप्पर नंतर घातलं. सात जहाजांचे दिवाणखाने त्याच्या हातून झाले. अक्रोडाच्या लाकडाच्या भिंती, त्यात चेरीच्या आणि मॅपलच्या नक्ष्या, गोल कोपरे, असं सगळं. दुसऱ्या युद्धात त्यातली पाच बुडाली. याचं त्याला फार वाईट वाटे. बोलून दाखवत नसे, पण चांगली फळी हातात आली की तिच्यावरून तळवा फिरवत म्हणे, "ही तरी पाण्याखाली जाऊ नये."

आणि आता, एकावन्न साली, आठवं जहाज. दक्षिण अमेरिकेला जाणारं, नवंकोरं, पांढरंशुभ्र. हे झालं की एजिदिओ निवृत्त होणार होता. त्याच्या वाट्याला पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याची मोठी भिंत आली होती. सव्वीस मीटर लांब, सगळी अक्रोडाची. ही आपली शेवटची भिंत आहे हे त्याला ठाऊक होतं आणि ती आपल्या सगळ्या कामात सरस व्हावी एवढंच त्याच्या मनात होतं.

पण त्याआधी कपाटाचं प्रकरण झालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी, त्याची एकुलती एक मुलगी नीवेस हिचं लग्न झालं. नवरा फेरुचो चांगला मुलगा. व्याही बोर्तोलो हा गवंडी. स्तारान्झानो गावात त्याने स्वतःच्या हाताने घर बांधलं होतं आणि त्या घराची एकेक वीट तो पाहुण्यांना दाखवत असे. एजिदिओने मुलीला लग्नात कपाट द्यायचं ठरवलं. साधंसुधं नाही, खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत भरून जाणारं, जहाजातल्या केबिनमध्ये असतं तसं. नीवेसने एकच अट घातली होती. "बाबा, ते उचलून उघडायचं काही नको. मला घरात राहायचंय, बोटीत नाही." एजिदिओने मनावर दगड ठेवून साध्या मुठी बसवल्या.

कपाट बसवायच्या दिवशी सासरची सगळी मंडळी वाइनचे पेले घेऊन बघायला उभी होती. एजिदिओने नेहमीप्रमाणे गुण्या फरशीवर टेकवला, तिथून वर गेला, सगळे स्क्रू आवळले. मग दिसलं की उजव्या बाजूला खाली बोटभर फट राहिलीय आणि डाव्या बाजूला वर. तो सवयीने पुटपुटला, "भिंती वाकड्या आहेत."

मागे बोर्तोलो उभा होता.

"काय म्हणालात, व्याही?"

"काही नाही. दोन पट्ट्या ठोकतो, झाकून जाईल."

"नाही नाही, थांबा. भिंती वाकड्या म्हणालात ना? माझ्या भिंती?" बोर्तोलोने पेला खाली ठेवला आणि दोऱ्याला वजन बांधलेला ओळंबा घेऊन आला. भिंतीला लावला. दोरा भिंतीला असा समांतर राहिला की केसाइतका फरक नाही. मग त्याने ओळंबा कपाटाला लावला. दोरा वरच्या टोकापासून निघाला आणि खाली येईपर्यंत कपाटापासून बोटभर लांब गेला.

"आता बोला. दोरा काही माझा मेहुणा नाही."

सगळे हसले. नीवेसही हसली, कारण नव्या सुनेला अशा वेळी दुसरं काय करता येतं? एजिदिओच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने दोन निमुळत्या पट्ट्या कापल्या, फटी झाकल्या आणि जेवायलाही न थांबता सायकल काढली.

तेव्हापासून दर रविवारी, जेवण झालं की, बोर्तोलो पाहुण्यांना आधी विटा दाखवी आणि मग कपाट. उजवं दार आपोआप उघडायचं म्हणून नीवेसने त्यात पुठ्ठ्याची घडी खोचली होती. बोर्तोलो ती घडी काढी, दार हळूहळू उघडे आणि तो म्हणे, "बघा, व्याह्यांचं कपाट स्वागताला येतंय." एजिदिओ असला तरी तो हे करी, किंबहुना एजिदिओ असला की जरा जास्तच. बातमी गोदीत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही. त्याच्या शेजारी काम करणारा तुल्यो रोज विचारी, "काय एजिदिओ, आज दाराने कुणाला नमस्कार केला?"

एजिदिओला हे खूप लागलं. चूक झाली असती तर त्याने ती कबूल केली असती, पण चूक कुठे झाली तेच त्याला कळेना. कपाट काटकोनात होतं. त्याने घरी बसून कागदावर तीन वेळा हिशेब केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना.

मे महिन्यात तो नीवेसकडे गेला तेव्हा ती एकटी होती, मांडीवर टोपली घेऊन वाटाणे सोलत होती. उठताना टोपली कलंडली. वाटाणे फरशीवर सांडले आणि सगळेच्या सगळे, एकही मागे न राहता, उजव्या कोपऱ्याकडे गडगडत कपाटाखाली गेले.

"गेले!" नीवेस वैतागली. "या घरात काहीही पडलं की त्या कपाटाखालीच जातं. बटणं, मणी, सगळं. झाडूही पोचत नाही तिथे."

एजिदिओ वाटाण्यांकडे बघत राहिला. मग त्याने एक वाटाणा उचलला, डाव्या भिंतीशी ठेवला आणि सोडला. तोही गेला. कपाट बरोबर होतं, भिंती बरोबर होत्या. फरशी वाकडी होती. जी एक गोष्ट त्याने तपासली नाही, जी तपासायची असते हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं, तीच.

"काय करताय, बाबा?"

"काही नाही. वाटाणे छान आहेत."

घरी आल्यावर त्याने एर्मिनिआला सांगितलं. ती चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होती. तिने ढवळायची काठी तशीच वर धरली.

"मग उद्या जा आणि सांग त्या बोर्तोलोला! चार माणसांत सांग! वाटाणा घेऊन जा खिशात!"

"कसं सांगू? आधी भिंतीला नावं ठेवली, ती निघाली सरळ. आता फरशीला नावं ठेवायची?"

"खरं आहे ते सांगायला लाज कसली?"

"लाज मला नाही. त्याला वाटेल. स्वतः बांधलेलं घर आहे त्याचं, गावभर मिरवतो. आणि राग काढणार कुणावर? मी तर रविवारी जेवून परत येतो. नीवेस तिथे रोज राहते."

एर्मिनिआने काठी पुन्हा पातेल्यात घातली. "मग बस हसं करून घेत," ती म्हणाली, पण आवाज नरमला होता. एजिदिओने गप्प बसायचं ठरवलं. सोपं नव्हतं. पुढच्या रविवारी बोर्तोलोने दार उघडून दाखवलं तेव्हा खिशातली मूठ त्याला घट्ट आवळावी लागली.

जूनमध्ये जहाजावरच्या भिंतीचा प्रश्न उभा राहिला. मिलानहून आलेला आर्किटेक्ट बोनोमी तरुण होता, हुशार होता, त्याचे नकाशे बघण्यासारखे असत. त्याने अक्रोडाच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला फिकट मॅपलची एक पट्टी काढली होती, सव्वीस मीटर सलग. ती नकाशावर पाण्याच्या रेषेला समांतर होती, पट्टीने मारावी तशी सरळ. पण तो दिवाणखाना होता जहाजाच्या पुढच्या भागात, आणि तिथे डेक नाकाडाकडे हळूहळू चढत जातो. त्या भिंतीपुरता म्हणाल तर वीतभर. म्हणजे पट्टी मागच्या टोकाला कमरेला आणि पुढच्या टोकाला मांडीला येणार.

"साहेब, ही पट्टी बुडताना दिसेल," एजिदिओ म्हणाला. "जमिनीला धरून चढवली पाहिजे."

"मग ती वाकडी होईल, मेस्त्री. मला सरळ हवीय."

"आत उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची रेषा दिसत नाही. त्याला जमीन दिसते."

बोनोमी हसला. वाईट हेतू नव्हता, पण बोलून गेला. "मुलीकडच्या कपाटालाही असंच जमिनीला धरलं होतं म्हणे?"

मागे तुल्यो खोकला. ते कपाट आता थेट एजिदिओच्या शेवटच्या भिंतीपर्यंत येऊन पोचलं होतं. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं, आणि ते वाक्य संध्याकाळच्या आत स्तारान्झानोला पोचलं असतं. त्याने तोंड उघडलं ते वेगळंच बोलायला.

"साहेब, मला अर्धा तास द्या."

त्याने पांढरी फीत मागवली. एक फीत बोनोमीच्या नकाशाप्रमाणे लावली, दुसरी तिच्या वर, जमिनीपासून सारख्या अंतरावर. मग खालच्या डेकवर जाऊन पडदे शिवणाऱ्या बायकांना बोलावून आणलं. त्यांच्यात पुढे होती ओंदिना, जिला कुणाची भीडभाड नव्हती.

"बायांनो, यातली सरळ कुठली?" एवढंच त्याने विचारलं.

"वरची," ओंदिना म्हणाली. "खालचीला काय झालंय? घसरगुंडी लावलीय का?"

बाकीच्यांनीही वरचीच दाखवली. एक जण म्हणाली, खालचीकडे बघून पोटात कसंसंच होतं. बोनोमी दाराशी गेला, तिथून बघितलं. समोरच्या टोकाला गेला, तिथून बघितलं. मग एका खोक्यावर नकाशा पसरला आणि त्यावरची आपली पट्टी पेन्सिलने खोडली.

"वरची ठेवा," तो अखेर म्हणाला. "आणि मेस्त्री, ते कपाटाचं... मी बोलायला नको होतं."

एजिदिओने खालची फीत सोडवायला घेतली. भिंतीला अकरा आठवडे लागले. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत गेली आणि कुणाला चढताना दिसली नाही.

जहाज कंपनीच्या ताब्यात जायच्या आधी एका रविवारी कामगारांनी आपापल्या घरच्यांना ते दाखवायला न्यायचं, अशी गोदीतली पद्धत होती. सप्टेंबरात तो रविवार आला. सगळे ठेवणीतले कपडे घालून आले आणि बुटांवर फेल्टच्या सपाता चढवून गालिचे नसलेल्या जमिनीवरून घसरत चालले. एजिदिओबरोबर एर्मिनिआ, नीवेस, फेरुचो आणि बोर्तोलो होते. बोर्तोलोच्या कोटाचा खिसा एका बाजूला ओघळला होता. दिवाणखान्यात पोचल्यावर त्याने त्यातून पाणसळ काढली.

"अहो, इथे पण?" फेरुचो ओशाळला.

"गंमत म्हणून रे," म्हणत बोर्तोलो गुडघ्यावर बसला आणि पाणसळ जमिनीवर ठेवली. बुडबुडा सर्रकन नाकाडाच्या बाजूला गेला. त्याने ती आडवी ठेवली. बुडबुडा आधी एका बाजूला थांबला आणि मग, कठड्यापलीकडे बँड वाजायला लागला, माणसं तिकडे धावली आणि जहाज जरासं कललं तेव्हा, सावकाश दुसऱ्या बाजूला निघाला. बोर्तोलो डोळे फाडून बघत राहिला. असली पाणसळ त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"व्याही, तुमची जमीनच वाकडी आहे की!"

"जहाजाची असतेच."

"आणि भिंतीवरची ही पट्टी? ही तर मला सरळ दिसतेय."

"ती जमिनीवरून घेतलीय. आम्ही सगळं जमिनीवरूनच घेतो."

"सगळं?"

"सगळं," एजिदिओ म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, जीभ चावायला हवी होती.

बोर्तोलो गुडघ्यावरच राहिला. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग पाणसळीकडे, मग एजिदिओकडे. उठून पाणसळ खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीवेस धापा टाकत माहेरी आली. "बाबा, काय बोललात सासऱ्यांना? कालपासून कुणाशी बोलत नाहीत. सकाळपासून सगळं सामान अंगणात काढलंय आणि फरशीवर ओणवे होऊन बसलेत. आता कुठे माझी घडी बसत होती तिथे!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एजिदिओने काही न सांगता सायकल काढली. वाटेत त्याला धाकधूक होत होती, आणि स्वतःचा रागही येत होता.

खोलीत बोर्तोलो एकटाच होता. फरशीभर खडूच्या खुणा केलेल्या होत्या.

"अडीच बोटं," तो मान वर न करता म्हणाला. "भिंतीपासून भिंतीपर्यंत अडीच बोटं. लढाई नुकतीच संपली होती, सिमेंट मिळत नव्हतं. अर्धी आधी घातली, अर्धी महिन्याने. दुसऱ्यांदा पातळीची दोरी बांधली नसणार मी." मग त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"मे महिन्यात. वाटाणे सांडले तेव्हा."

"आणि आज सप्टेंबर. इतके रविवार मी तुमचा चार माणसांत पाणउतारा केला, तुम्ही शेजारी बसून ऐकलंत. बोलला का नाहीत?"

"नीवेस इथे राहते," एजिदिओ म्हणाला.

बोर्तोलोने हातावरचा खडू पँटला पुसला. दारात जाऊन बायकोला हाक मारली, मुलाला हाक मारली, सायकलवरून नुकत्याच पोचलेल्या नीवेसला आत बोलावलं. सगळे आल्यावर शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहून म्हणाला, "कपाट सरळ आहे. फरशी वाकडी आहे. फरशी मी घातलीय." आणि मग, कुणी काही बोलायच्या आत, "आता कुणीतरी वाइन आणा."

ऑक्टोबरात त्याने फरशी उखडून पुन्हा घातली. या वेळी दोरी दोन्ही दिशांना बांधली. एजिदिओने कपाट सोडवलं आणि परत तसंच बसवलं. एकही फळी तासावी लागली नाही. फक्त बाजूच्या त्या दोन निमुळत्या पट्ट्या फेकून दिल्या आणि वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीच्या नव्या लावल्या.

रविवारी जेवणानंतर सगळे खोलीत जमले. नीवेसने उजव्या दारातली पुठ्ठ्याची घडी काढली आणि सवयीने हात दाराला लावून धरला. मग हात सोडला. दार जागचं हललं नाही. ती घडी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मीही हसले होते."

"बिजागरीला तेल लागेल थंडीत," एजिदिओ म्हणाला. "वाजली की सांग."

बोर्तोलोने खिशातून पाणसळ काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या व्याही. आज तुम्ही लावा. कुठेही लावा, वर, खाली, दाराला, सगळ्यांसमोर."

एजिदिओने ती हातात घेतली. कशी धरायची ते त्याला नीट ठाऊक नव्हतं. सगळे कपाटाच्या बाजूला सरकले, त्याला जागा करून द्यायला. पण तो कपाटाकडे गेलाच नाही. गुडघे धरत खाली बसला, खोलीच्या मधोमध पाणसळ फरशीवर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर येऊन थांबेपर्यंत वाकून बघत राहिला.

"काय फरशी घातलीय, व्याही," तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला.